निम्मं आटवलेलं पाणी

सारजाबाई मेंढरं वळायची ती काठीनं नाही, तोंडानं. माळाच्या टोकाला एखादं चुकार मेंढरू दिसलं की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि ते बिचारं निमूट मागं फिरायचं. माणसांचीही गत फारशी वेगळी नव्हती. माझी गावात पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना गिऱ्हाइकाला माझ्या कानाशी येऊन ओरडावं लागतं. सारजाबाई मात्र दारातूनच सांगायची, "धर्मा, जाडं काढ रं जरा. बाजरी हाय ती, तोंडाला लावायची पावडर न्हाई," आणि मला शब्दन् शब्द ऐकू यायचा.

ही गोष्ट त्या बाईची, तिच्या नातीची आणि आमच्या गावच्या विहिरीची आहे. सांगताना माझं डोकं तापेल. तेवढं सांभाळून घ्या.

आमची वाडी शिरूर कासार तालुक्यातली. दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रक येतात, तरणी माणसं कोयते आणि भांडीकुंडी घेऊन वर चढतात आणि निम्म्या घरांना कुलपं लागतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या, कुत्री आणि ज्यांचं यंत्र उचलून नेता येत नाही असे माझ्यासारखे. प्यायच्या पाण्याला एकच विहीर. ती उताराच्या पायथ्याशी, आणि उतारावर विठ्ठलरावांची कपाशी. विठ्ठलराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. पंचायतीत त्यांचा शब्द चालतो आणि पंचायतीबाहेरही त्यांचाच. त्यांच्या रानात जे पडेल ते पावसाबरोबर विहिरीकडं येणार, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. तरी आम्हाला कळायला बरीच वर्षं गेली.

दोन वर्षांमागं पाण्याच्या खात्याची जीप आली. मारुतीच्या देवळापुढं सभा झाली. एक मॅडम आल्या होत्या, बोलायला साध्या, पायात धुळीनं भरलेले बूट. त्या म्हणाल्या, "कारखान्याचं घाण पाणी असतं तर नळी दाखवून मालकाला धरता आलं असतं. इथं नळी नाही. तुम्ही शेतात युरिया टाकता, औषधं फवारता, आणि पाऊस आला की प्रत्येक सरीतून थोडं थोडं वाहत विहिरीला येतं. मग धरायचं कुणाला?"

कुणीच हात वर केला नाही. कोण करणार?

मॅडमनी उपाय सांगितला तो सोपा होता. कपाशी आणि विहीर यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा राखायचा. तो नांगरायचा नाही, त्यात जनावर सोडायचं नाही. वरून येणारं पाणी गवतात अडकतं, सावकाश मुरतं, गाळ तिथंच बसतो, आणि खतही बरंचसं गवतच पिऊन टाकतं. शिवाय युरिया एकदम न टाकता थोडा थोडा द्यायचा. पट्ट्याची बरीचशी जागा विठ्ठलरावांच्या बांधालगतची होती. त्यांनी सगळ्यांसमक्ष होकार दिला, वाळ्याचा एक ठोंब स्वतःच्या हातानं लावला आणि फोटो निघेपर्यंत वाकून राहिले.

मग राखणार कोण, असा प्रश्न निघाला. सारजाबाई मागं उभी होती. ती सभेला आली होती ती भांडायला. मेंढरांनी आता चरायचं कुठं, हे तिला विचारायचं होतं. नवरा आश्रुबा गेल्यापासून मेंढरं, चार शेळ्या आणि मुलगा रामेश्वर एवढाच तिचा संसार होता. मॅडमनी विचारलं, "या उतारावर जास्तीत जास्त कोण चारतं?" सगळ्यांची बोटं सारजाबाईकडं वळली. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "मग राखण त्यांनीच करायची."

सभा खो खो हसली. मी म्हणालो, "घ्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

ती तिथून गरजली, "मुडद्या, चोरालाच ठावं असतं चोरी कुठून व्हती ती!"

आणि तिनं राखलं. राखलं म्हणजे कसं, तर पट्ट्यात शिरलेली सरपंचाची म्हैस तिनं सरपंचाच्या देखत हाकलून कोंडवाड्यात घातली. तिची स्वतःची लाडकी मेंढी एकदा आत शिरली तर तिला असं बदडलं की मलाच मध्ये पडावं लागलं. नंतर त्याच मेंढीच्या गळ्यात हात टाकून बसलेली मी तिला पाहिली. गवत कापून न्यायला मुभा होती. ते ती वेळच्या वेळी कापायची आणि ज्याच्या घरी आजारी जनावर असेल त्याच्या दारात पेंढी टाकून जायची, एक शिवी जोडून.

मी सरकारी कामाचं कौतुक करणारा माणूस नाही. सरकारी झाडं खड्ड्यातच वाळताना पाहिलीत मी. पण खोटं कशाला बोलू? पुढच्या पावसाळ्यात गवत कमरेला लागलं. जोराची सर येऊन गेल्यावर मी मुद्दाम बघायला गेलतो. पट्ट्याच्या वर चहासारखं लाल पाणी, आणि खाली निघत होतं ते निवळ. मॅडम बाटलीत पाणी भरून घेऊन गेल्या आणि पुढच्या खेपेला येऊन म्हणाल्या, "खताचा क्षार उतरलाय. असंच राखा, मावशी." त्या दिवशी सारजाबाईनं गिरणीत येऊन मला तीनदा ते सांगितलं.

मग मॅडमची बदली झाली.

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर विठ्ठलरावांनी तो पट्टा मोडला. दिवस बरोबर निवडला, बाजाराचा. सारजाबाई शिरूरला गेलेली. ती डोक्यावर पिशवी घेऊन परतली तेव्हा ट्रॅक्टर शेवटचं तास घेऊन वळत होता. मातीत गवताची मुळं उलटी पडली होती. ती पिशवी तशीच बांधावर टाकून विठ्ठलरावांच्या दारी गेली. मी मागोमाग गेलो. वाटलं, आज काहीतरी होणार.

विठ्ठलराव ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढत नाहीच.

"बस, सारजाबाई. चहा घे. हे बघ, गवताला काय भाव हाय? कपाशीला हाय. जमीन माझी, बांध माझा. फोटो निघायचा तवा निघाला."

"अन् हिरीच्या पान्याचं वो? पोरंबाळं पितेत ते."

"तू मेंढरं राख. पानी राखायला सरकार हाय."

तिनं चहा घेतला नाही. गावभर बोंब मारली, पंचायतीत जाऊन बसली, माझ्या मोबाईलवरून खात्याच्या कचेरीत फोन लावायला लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, नवीन साहेब रुजू झाले की बघतील. पंचायतीत सगळे माना खाली घालून ऐकायचे. विठ्ठलरावांच्या विरोधात बोलणार कोण? पट्ट्याची जी हातभर कड उरली होती तिला सारजाबाईनं एकटीनं बाभळीचे काटे लावून कुंपण केलं. हातभर कडेनं काय होणार, हे तिलाही कळत होतं.

त्याच पावसाळ्यात तिच्या सुनेला, उज्ज्वलाला मुलगी झाली. नाव ठेवलं संस्कृती. ही नात तिला एवढी जिवाची का, ते सांगतो. उज्ज्वलाचं आधीचं लेकरू, मुलगा, ऊसतोडीवर पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, गारठ्यानं गेलं होतं. फुप्फुसं भरली होती म्हणे. ट्रकमध्ये बसून परत आली तेव्हा तिच्या कडेवर लेकराऐवजी गोधडीचं गाठोडं होतं. त्यामुळं ही नात जगलीच पाहिजे, असं सारजाबाईनं मनाशी धरलं होतं, आणि ते ती साऱ्या गावाला ऐकवायची.

भाद्रपदात पाऊस वेड्यासारखा पडला. आमच्याकडं असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. कपाशी पिवळी पडली म्हणून विठ्ठलरावांनी उघडीप बघून युरिया फेकला, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा ढग फुटल्यासारखं झालं. सगळं खत धुऊन उतारानं खाली आलं. अडवायला गवत नव्हतं. विहीर काठोकाठ भरली. आमच्या मुलखात भरलेली विहीर दिसली की माणूस हात जोडतो, आत काय आहे ते विचारत नाही. पंचायतीचा शिपाई सटवा दर आठवड्याला जंतू मारायची पावडर टाकायचा, म्हणजे काळजी मिटली असं सगळ्यांनी धरलं. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतंच, पाणी उकळून, गाळून प्या.

दिवाळी झाली. ट्रक आला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस कुणी घेत नाही. रामेश्वरबरोबर उज्ज्वलाला जाणं भागच होतं. ती लेकराला पदराखाली घेऊन ट्रकपाशी उभी होती. चढत नव्हती.

सारजाबाई म्हणाली, "दे हिकडं."

"आत्याबाई, अंगावर पिते अजून ती."

"शेळीचं दूध हाय की घरात. शेळीच्या दुधावर रामेश्वर वाढलाय माझा, बघ त्याच्याकडं. का हिलाबी कोपीत गारठ्यानं मारायची हाय?"

हे ती बोलली मात्र, आणि उज्ज्वलाचा चेहरा पांढराफटक पडला. सारजाबाईनं जीभ चावली, पण गेलेला शब्द परत येत नाही. उज्ज्वलानं लेकरू तिच्या हातात दिलं. ट्रक हलला तेव्हा सारजाबाई मागं पळत ओरडली, "पाडव्याला या! रांगती देते तुमच्या हातात!"

मग ती कशी राबली ते मी डोळ्यांनी पाहिलं. शेळीचं दूध तान्ह्याला जड जातं म्हणून त्यात निम्मं पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. आणि ते पाणी निम्मं आटवलेलं असावं, हीही रीतच. पातेलंभर पाणी चुलीवर ठेवायचं आणि अर्धं राहीपर्यंत उकळायचं. निम्मं आटलं की पाणी हलकं होतं, लेकराच्या पोटाला बाधत नाही, असं आज्या नातींना सांगत आल्या. माझ्या आईनंही मला तसंच पाजलं होतं. त्यात सरकारही उकळूनच प्या म्हणत होतं. आजी आणि सरकार यांचं एकदा तरी एकमत झालं होतं.

सारजाबाईचं काम अंदाजपंचे नसायचं. तिनं तुराटीची एक काडी तासून घेतली होती. काडी पातेल्यात उभी धरली की मधल्या खाचेवरून कळायचं निम्मं आटलं की नाही. लाकूडफाटा कितीही जळो, खाचेला पाणी आल्याशिवाय ती पातेलं उतरवत नसे. शेजारच्या वत्सलाबाई म्हणायच्या, "सारजे, एवढा जाळ कशाला? दोन उकळ्या आल्या की झालं." ती म्हणायची, "तुझी नात असती म्हंजी इचारलं असतं."

पोरगी सुरुवातीला बरी होती. पुढं मात्र मंदावली. रडायची कमी, झोपायची जास्त. पौषाच्या थंडीत एका सकाळी सारजाबाई तिला घोंगडीत गुंडाळून गिरणीत घेऊन आली. मी गिरणी बंद केली.

"धर्मा, हिचे व्हट बघ रं. थंडी बाधली का?"

ओठ निळसर काळे दिसत होते. मी घोंगडी बाजूला करून हात पाहिला. नखांचाही रंग तोच. अंग गार नव्हतं. गारठा असता तर अंग गार लागलं असतं. आत्तापर्यंत कुणी दृष्ट म्हणालं होतं, कुणी काळा दोरा बांधून दिला होता.

"पानी उकळून देतीस ना?" मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

"उकळून? बाबा, आता तर खाचेच्याबी खाली आटवते मी. हिला बरं वाटंना म्हनून जास्तच आटवते. अन् तहान लागती म्हनून वरून चमच्यानं पाजते."

मी गिरणीला कुलूप लावलं आणि टेम्पो काढला. तालुक्याच्या दवाखान्यात बघितल्या बघितल्या जिल्ह्याला न्यायला सांगितलं. तिथं नर्सनं लेकराच्या टाचेतून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. गुळाच्या काकवीसारखं तपकिरी होतं. मी आयुष्यात तसलं रक्त पाहिलं नाही. डॉक्टर धावत आले, लेकराला आत नेलं. जाता जाता विचारलं, "पाणी कुठलं पितं बाळ?" सारजाबाई म्हणाली, "हिरीचं, साहेब. पर उकळून." ते ऐकायला डॉक्टर थांबले नाहीत, आणि थांबायची वेळही नव्हती.

दुपारी त्यांनी बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. शेताच्या खताचा क्षार पाण्यातून गेला की तान्ह्या लेकराचं रक्त प्राणवायू धरत नाही, म्हणाले. त्यावर औषध असतं, ते दिलंही, पण लेकरू फार उशिरा हातात आलं होतं. मी मागं वळून पाहिलं. सारजाबाई बाकावर बसून दुधाची रिकामी बाटली पदरानं पुसत होती. पाण्याचं ते तिला सांगायचं मी टाळलं.

परत येताना लेकरू तिच्या मांडीवर होतं. तिनं घोंगडी तोंडावर ओढली नाही, गळ्यापर्यंत घट्ट लपेटली. "गारठा लागंल," एवढंच एकदा म्हणाली. मी गाडी चालवत होतो आणि रडत होतो, आणि ती रडत नव्हती.

लेकराला माळाच्या कडेला पुरलं. उज्ज्वला आणि रामेश्वर तिसऱ्या दिवशी पोचले. उज्ज्वला काहीतरी बोलेल, निदान त्या ट्रकपाशी ऐकवलेल्या शब्दाचा जाब विचारेल, असं मला वाटत होतं. ती सासूच्या पायांपाशी बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमी माझ्यापरीस जास्त केलं तिचं. वत्सलामावशी सांगत होती, रातंदिस चूल इझू दिली न्हाई म्हनून." सारजाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोयत्यावर आगाऊ पैसे घेतलेले म्हणून दोघं पुन्हा गेली. जाताना कुणी पाडव्याचं नाव काढलं नाही.

दरम्यान आमच्या आळीत वैष्णवी बाळंत झाली होती. तिला दूध येईना. सारजाबाईनं स्वतःची एक दुभती शेळी तिच्या दारात नेऊन बांधली, आणि चुलीपाशी जपून ठेवलेली ती खाचेची काडी तिच्या हातात दिली. "माझ्या नातीला न्हाई लाभलं. तुझ्याला लाभंल. खाचेपस्तोर आटव, कटाळा करू नको," असं सांगितलं. मला वत्सलाबाईंनी नंतर सांगितलं की ते सांगताना ती पहिल्यांदा रडली.

लेकरू गेल्याची खबर दवाखान्यातून खात्यात गेली असावी. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसं महिन्याच्या आत सगळं झालं. बाटल्या भरून पाणी नेलं, टँकर सुरू झाला, आणि नवे साहेब सभा घ्यायला आले. टँकर एक दिवस यायचा, दोन दिवस यायचा नाही. मधल्या दिवशी विहीर होतीच.

देवळापुढं पुन्हा तीच सभा. साहेब तरुण होता, माणूस बरा वाटला. विठ्ठलराव पुढच्या खुर्चीवर. बायका कडेला, त्यांत वैष्णवी लेकराला मांडीवर घेऊन. सारजाबाई मागं भिंतीला टेकून उभी. ती हल्ली बोलायची नाही. गिरणीत आली तरी नुसतं बाजरीचं गाठोडं पुढं करायची.

साहेबांनी सगळं नीट सांगितलं. विहिरीत खताचा क्षार मर्यादेच्या कितीतरी पुढं गेलाय. मोठ्यांचं एकवेळ निभावतं, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे पाणी थेंबभरही द्यायचं नाही. पट्टा मोडलाय तो पुन्हा करायचा, ज्यांनी मोडला त्यांना नोटीस जाईल. विठ्ठलराव मोबाईल बघत होते.

"आणि एक लक्षात ठेवा," साहेब म्हणाले. "पावडर टाकून किंवा उकळून हे जात नाही. उकळल्यानं जंतू मरतात. क्षार मरत नाही. मीठ घातलेलं पाणी चुलीवर ठेवून बघा. पाण्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं. जितकं उकळाल तितकं खारट."

मला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा मागं बघायची छाती झाली नाही.

मागून आवाज आला. बारीक. तिचा तो आवाज मी ओळखला नसता.

"साहेब, निम्मं आटवलं तर?"

साहेब तिला ओळखत नव्हते. त्यांना वाटलं, म्हातारी लक्ष देऊन ऐकतेय. ते कौतुकानं म्हणाले, "छान विचारलंत, आजी. निम्मं आटवलं तर क्षार दुप्पट झाला."

सटवानं साहेबांच्या बाहीला हात लावला, पण उशीर झाला होता. सारजाबाई भिंतीपासून सुटली आणि बायकांमधून वाट काढत वैष्णवीपाशी जाऊन उभी राहिली.

"वैष्णवे, काडी कुठंय?"

"चुलीपाशी."

"मोड ती. मोडून जाळ. ह्याला पान्याचा थेंब घालू नको, नुसतं दूध पाज. जड गेलं तर जाऊ दे."

वैष्णवी गोंधळली. "कावून मावशी? तुमीच तर..."

"कावून म्हनून इचारू नको पोरी. मी आटवून आटवून मारलंय माझं लेकरू. तुझं न्हाई मारायचं मला."

मोठ्या माणसांनाही कधी कधी तोंड आवरत नाही. विठ्ठलराव खुर्चीतून अर्धवट वळले आणि साहेबांना म्हणाले, "बघा, म्हंजी दोष खताचा न्हाई. आटवन्याचा हाय."

मी उठलो. खरं सांगतो, मी त्यांच्या अंगावर जाणार होतो. पण सारजाबाई आधी पोचली. ती त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिनं शिवी दिली नाही. माझ्या आठवणीत तिनं भांडताना शिवी न दिलेली ती एकच वेळ.

"विठ्ठलराव, तुमी गवत मोडलं अन् खत टाकलं. मी आटवलं. दोघांनी मिळून मारली तिला. माझं मी कबूल केलं गावापुढं. तुमचं तुमी करा."

त्यांनी केलं नाही. ते उठून गेले. त्यांच्या मागं आणखी दोघंतिघं गेले, आणि बाकीचे बसून राहिले. एरवी सगळेच उठले असते. साहेबांनी टोपी काढून हातात धरली होती.

सारजाबाई वळली. मग सगळ्यांकडं बघून, आपल्या जुन्या आवाजात, माळापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाडव्याला माझी सून येनार हाय. तिला हे मी सांगनार, माझ्या तोंडानं. मधी कुनी तोंड घातलं तर बघा."

नोटीस गेली की नाही, मला माहीत नाही. विठ्ठलरावांचा नांगर अजून त्या कडेला उभा आहे. सारजाबाई रोज सकाळी विहिरीच्या वरल्या अंगाला जाते, नांगरटीतून उलटी पडलेली गवताची ठोंबं शोधते आणि हातानं परत लावते. टँकर आला नाही त्या दिवशी विहिरीपाशी बसून राहते, आणि तान्हं लेकरू असलेल्या घरची घागर दिसली की रिकामी परत पाठवते. परवा मी तिला म्हणालो, मावशे, पाडव्याला मी येऊ का तुझ्याबरोबर, उज्ज्वलाला सांगताना? ती ठोंब लावत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई. तिनं माझ्याच हातात दिलतं लेकरू."

पाडवा आता पंधरा दिवसांवर आला आहे.